नको म्हणणारा रेणू

"वाढलेत ना, बाई? मग आणखी काय हवं?"

डॉ. हेमलता तेरदाळकर सूक्ष्मदर्शकातून पाहत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारा त्यांचा जुना विद्यार्थी होता. जिनेंद्र बिरनाळे. परदेशात नाव काढून परतलेला. मज्जारज्जूतलं आपल्याइतकं कुणाला कळत नाही, अशी त्याची खात्री होती. ती फारशी चुकीचीही नव्हती.

काचपट्टीवर उंदराच्या मज्जारज्जूचा पातळ काप होता. मधोमध जखमेचा व्रण. तुटलेले मज्जातंतू एरवी त्या व्रणापाशी येऊन थांबतात. इथे थांबले नव्हते. हिरवे चमकत पार पुढे गेले होते.

"व्रणाच्या आसपास काही रेणू असतात," जिनेंद्र म्हणाला. "ते तंतूला नको म्हणतात. म्हणून तो वाढत नाही. मी त्यांचं तोंड बंद केलं. एक इंजेक्शन... बस्स."

"हं."

"एवढी लांबी अजून कुणाला मिळालेली नाही."

"कुठे गेलेत?"

"कोण?"

"तंतू."

जिनेंद्र हसला. "व्रणापलीकडे."

"ते दिसतंय. कुठे?"

बाईंनी काचपट्टी किंचित सरकवली.

"हे दोन माघारी वळलेत. इथे नुसता गुंता झालाय. हा भलत्याच बाजूला शिरलाय..."

"काही भरकटणारच, बाई. पण वाढलेत!"

बाई निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता. तरी मिरजेबाहेरच्या त्या संशोधन संस्थेत त्यांची एक खोली होती. माणसांवरच्या प्रयोगांना परवानगी देणारी समिती त्यांचं मत घेतल्याशिवाय पुढे जात नसे. जिनेंद्रला तेच मत हवं होतं.

पहिला माणूसही त्याने ठरवून टाकला होता. त्याचा धाकटा भाऊ, भरतेश. गोदामाच्या पत्र्यावर सौर पॅनल बसवताना तो खाली पडला होता. कमरेखाली ना हालचाल उरली होती, ना स्पर्श. आज जिनेंद्र त्याला गाडीतून सोबत घेऊन आला होता. बाहेर व्हरांड्यात तो व्हीलचेअरवर बसून होता.

बाईंनी सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला.

"गर्भात असतात का हे रेणू? नको म्हणणारे?"

"असतात."

"कशाला?"

हा धडा बाईंनीच त्याला शिकवला होता. त्याने तो घडाघडा म्हटला. वाढत्या तंतूच्या टोकाला पंजा असतो. पंजाला बोटं असतात. ती चाचपत पुढे जातात. काही रेणू ये म्हणतात, काही नको म्हणतात. ये असेल तिकडे टोक झुकतं. नको आलं की बोटं मागे घेतं. म्हणूनच तंतू नेमक्या जागी पोचतो.

"पण ते गर्भात," तो म्हणाला. "तिथे सगळं घडायचं असतं. घडून गेलेल्या शरीरात हे नको कशाला? नुसती अडवणूक."

"नुसती..."

बाईंनी चष्मा काढून पुसला.

"उंदीर आणलायस?"

आणला होता. याच क्षणासाठी आणला होता. त्याने पिंजरा उघडून पांढरा उंदीर टेबलावर ठेवला. या उंदराचा मागचा भाग कधीकाळी फरफटत असे. आता तो मागचे पाय टाकत, जरा झुकत, पण चालला. टेबलाच्या कडेपर्यंत जाऊन वळला.

जिनेंद्रने उंदराकडे पाहिलंच नाही. तो बाईंच्या चेहऱ्याकडे पाहत होता.

"बघितलंत?"

बाईंनी ट्रेमधला बारीक कुंचला उचलला. काप सरळ करायचा, मऊ केसांचा. कोरडाच होता. त्यांनी तो उंदराच्या पुढच्या पायाला लावला. उंदराने कुंचला हुंगला.

मग मागच्या पायाला टेकवला. टेकवला, न टेकवला.

उंदीर किंचाळला. पाय झटकून पोटाशी घेतला आणि त्या पायाला चावू लागला.

बाईंनी कुंचला लगेच खाली ठेवला.

"हे तपासलं होतंस?"

"मी चालणं तपासलं."

"याची बोटं कुणी कुरतडली?"

"काही उंदीर करतात तसं," जिनेंद्र हळू आवाजात म्हणाला. "सगळे नाही."

"दुखण्याचे तंतूही वाढले. त्यांनाही कुणी नको म्हटलं नाही."

जिनेंद्रचा चेहरा लाल झाला.

"दुखतंय तरी ना! माझ्या भावाला तेही नाही, बाई. उकळता चहा सांडला पायावर. कातडी सोलून निघाली. आईने फोड बघितले तेव्हा त्याला कळलं. अशा माणसाला दुखण्याची भीती घालता? तो दुखणं आनंदाने घेईल."

"असं म्हणाला तो?"

"म्हणायला कशाला हवं? मी सख्खा भाऊ आहे त्याचा."

"उंदराचं सांगितलंस त्याला?"

जिनेंद्र पिंजऱ्याची कडी लावत होता. कडी लागली होती. तरी तो लावत राहिला.

"जिनेंद्र."

"नाही."

बाईंनी हात धुतले, पुसले आणि व्हरांड्यात गेल्या. जिनेंद्रला मागोमाग जावंच लागलं.

भरतेश कठड्यापाशी होता. बाईंना पाहून त्याने हात जोडले. बाई त्याच्यासमोरच्या बाकावर बसल्या. जिनेंद्र उभा राहिला.

"तुझ्या भावाला तुला काहीतरी विचारायचंय," बाई म्हणाल्या.

"मला?" भरतेशला खरंच नवल वाटलं. "दादा मला विचारत नाही. सांगतो."

त्यात राग नव्हता. आज ऊन फार आहे म्हणावं, तसं तो म्हणाला.

जिनेंद्रने घसा साफ केला. "हे बघ भरत, मज्जारज्जूला इजा झाली की व्रणाभोवती जे रेणू तयार होतात, ते..."

बाईंनी तळहात वर केला.

तो थांबला. पुन्हा सुरुवात केली. "जगात पहिल्यांदाच आपण..."

तळहात वरच होता.

जिनेंद्रने मोठमोठ्या सभांमधून भाषणं केली होती. आता त्याला शब्द सापडेना. तो व्हीलचेअरच्या कडेला फरशीवर बसला. भावाच्या तोंडाकडे खालून वर पाहण्याची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती.

"भरत... पाय हलतील कदाचित. पण दुखतील. नुसती चादर लागली तरी दुखतील. किती, ते मला माहीत नाही. थांबेल का... तेही माहीत नाही."

"तुझ्या उंदरांना दुखतं?"

"हो."

"मग ते काय करतात?"

"बोटं चावतात. स्वतःची."

भरतेशने आपल्या पायांकडे पाहिलं. लांब जंक्शनवर इंजिनाची शिटी वाजली. जिनेंद्रने काही बोलायला तोंड उघडलं. बाईंकडे पाहिलं. मिटलं.

भरतेशने आपले हात मांडीवर पालथे ठेवले. बोटांच्या पेरांवर दोऱ्याने पडलेल्या बारीक चिरा होत्या.

"सतारीच्या दांडीवर दोऱ्याने पडदा बांधताना श्वास धरायला लागतो, दादा. केसभर सरकला तरी सूर गेला. खाली पाय असे पेटलेले असले तर... हात जागेवर राहील का माझा?"

"तू अजून जातोस त्या सतारवाल्यांकडे?"

"रोज."

"मला वाटलं वेळ जावा म्हणून..."

"आधी त्यासाठीच जायचो. मागच्या महिन्यात एक सतार सगळी मीच लावली. मालकांनी वाजवून बघितली. काही बोलले नाहीत." तो जरासा हसला. "ते काही बोलले नाहीत की समजायचं, जमली."

जिनेंद्रला हे काहीच ठाऊक नव्हतं. दोघं एका घरात राहत होते.

"तुला चालायचं नाही?" त्याने विचारलं.

"चालायचंय की. कुणाला नको असतं?"

"मग?"

"असं नको. दुखणं थांबवायचं तुला कळलं की ये परत. तेव्हा बघू. आत्ता नको, दादा."

"मी एवढी वर्षं तुझ्यासाठीच..."

ते वाक्य त्याने पुरं केलं नाही. भरतेशने हात पुढे केला आणि त्याच्या खांद्यावर ठेवला. तिथेच राहू दिला.

बाई बाकावरून हलल्या नाहीत.

थोड्या वेळाने जिनेंद्र उठला. पँटची धूळ झटकली. आत जाऊन पिंजरा घेऊन आला. तो त्याने अलगद धरला होता, हिसका बसणार नाही असा. समितीसाठी आणलेले कागद त्याने बाईंपुढे केलेच नाहीत.

जाताना तो त्यांच्यासमोर थांबला.

"तो नको म्हणाला, बाई."

"ऐकलंस?"

"...हो."

"मग पोचशील."