काथ्याचे लोड

फार फार पूर्वी एका राज्यात रस्ते थोडे आणि कालवे फार होते, तेव्हाची ही गोष्ट. कालवे अरुंद, म्हणून नावाही लांबट आणि अरुंद.

तिथल्या एका नावाड्याने तीन महिने खपून आपली नाव रंगवली. शेंदरी काठ, त्यावर हिरवे पोपट. पण नाव पाण्यात उतरली आणि बिचाऱ्याची झोपच उडाली. घाटाचा दगड घासला तर? दुसरी नाव आपटली तर?

तसे काथ्याच्या दोराचे जाड लोड सगळेच नावाडी नावेच्या अंगाला बांधत. काठाला लागताना ते खाली सोडायचे आणि कालव्यावरच्या अरुंद दगडी दरवाज्यातून जाताना वर ओढून घ्यायचे, अशी रीत होती. इतरांचे लोड चार, ह्याने बांधले बावीस! तेही पक्क्या गाठी मारून.

बायको म्हणाली, "अहो, ही नाव आहे की गादीवाल्याचं दुकान?"

"तुला रंगातलं काय कळतंय!" नावाडी गुरकावला. लोडांआड पोपट पार झाकले गेले होते, तेवढं मात्र त्याला दिसलं नाही.

एकदा त्याला नवरीकडचं वऱ्हाड मिळालं. मुहूर्त दुपारचा, पलीकडच्या गावी. गाणी म्हणत सगळे दगडी दरवाज्याशी आले आणि नाव मध्येच अडकली. दोन्ही बाजूंचे लोड भिंतींत असे दाटले की ती पुढेही जाईना, मागेही येईना.

"लोड वर घ्या!" वऱ्हाडी ओरडले. पण गाठी भिजून फुगलेल्या, त्या सुटतात कशाला! ऊन डोक्यावर येत चाललं. नवरी रडू लागली.

नावेत बरोबर आलेल्या बायकोने कोयता पुढे केला. "तोडा."

"अगं, रंग जाईल!"

"पोरीचा मुहूर्त टळल्यावर तो रंग काय चाटायचाय?"

नावाड्याने नवरीकडे पाहिलं. त्याला स्वतःचीच लाज वाटली. त्याने भराभर दोर तोडले. लोड धपाधप पाण्यात पडले, नाव खर्रर्र करत भिंतीला घासून बाहेर आली, आणि पोपटांवर शेपटापासून चोचीपर्यंत ओरखडा उठला. पण अक्षता वेळेवर पडल्या.

पुढे त्या मुलखातली प्रत्येक नवरी हट्ट धरू लागली, "मला ओरखड्याचीच नाव हवी, ती वेळेवर पोचवते!"

तात्पर्य: वस्तू जपावी ती वापरण्यासाठी, जपण्यापायी वापरच अडला, तर ते जपणं वाया.