उरलेली खीळ

लहानथोर हो, ऐका. फार जुनी गोष्ट आहे. पण अगदी राजाराणीच्या काळातली नव्हे. वल्ही जाऊन होड्यांच्या मागे इंजिनं लागू लागली होती, तेव्हाची.

खाडीकाठच्या एका गावात चांगुणा नावाची होडीवाली राहायची. लोकांना पैलतीरी सोडणं हा तिचा धंदा. तिचा दीर गोमाही होडीच चालवायचा. इंजिन बंद पडलं की दोघांनाही ते खांद्यावर घेऊन म्हाताऱ्या मिस्त्रीचं घर गाठावं लागे.

एकदा मिस्त्री म्हणाला, "माझे डोळे आता अधू झाले. तुम्हीच शिका." त्याने अंगणात एक गंजकं, कधीचं बंद पडलेलं इंजिन ठेवलं. "हे सगळं सुटं करा आणि पुन्हा जोडा. मोडलं तरी चिंता नाही, ते आधीच मेलंय."

आधी चांगुणा फडकं पसरून बसली. हात कोपरापर्यंत काळे झाले, नाकाच्या शेंड्यालाही वंगण लागलं. इंजिन जोडून झालं आणि पाहते तर फडक्यावर एक चकती उरलेली. क्षणभर वाटलं, मुठीत लपवावी. पण तिने ती मिस्त्रीपुढे धरली.

"मिस्त्रीबाबा, ही उरली. कुठली ते कळत नाही."

"मग पुन्हा खोल."

गोमा पोट धरून हसला. चांगुणेने पुन्हा खोललं, पुन्हा जोडलं. चकतीची जागा सापडेपर्यंत तिला इंजिनाची नस न् नस कळली.

गोमाच्या पाळीला त्याच्याही फडक्यावर एक स्प्रिंग उरली. त्याने ती हळूच कनवटीला लावली. "झालं बाबा, काही उरलं नाही."

मिस्त्रीने त्याची पाठ थोपटली. गोमा म्हणाला, "वहिनी, तुम्ही बसा चकत्या शोधत. मी चाललो."

जत्रेच्या आदल्या दिवशी गोमाने स्वतःच्या होडीचं इंजिन उघडलं, पुसलं, जोडलं. एक बारीकशी खीळ उरली. ती त्याने सरळ खाडीत भिरकावली.

दुसऱ्या दिवशी त्याच्या होडीत वाजंत्री बसले होते. भर खाडीत इंजिन नुसतंच घुरघुरू लागलं, होडी मात्र पुढे सरकेना. ती खीळ पाण्यात फिरणाऱ्या पंख्याची होती. खिळीवाचून पंखा निसटून तळाला गेला होता. त्यात ओहोटी लागलेली. होडी समुद्राकडे वाहू लागली. घाबरलेल्या वाजंत्र्यांनी जीव खाऊन ढोल बडवले.

ढोल ऐकून चांगुणा होडी घेऊन धावली. वाटेत तिचंही इंजिन आचके देऊ लागलं. तिने झाकण काढलं, तेलाच्या नळीत अडकलेला कचरा फुंकून उडवला, नळी बसवली. इंजिन पुन्हा सुरू झालं. तिने दोर टाकला आणि गोमाची होडी सगळ्या ढोलांसकट काठाला ओढून आणली.

गोमा मान खाली घालून मिस्त्रीकडे गेला. "बाबा, त्या दिवशी माझ्याही फडक्यावर एक स्प्रिंग उरली होती."

म्हातारा हसला. "वेड्या, तुला काय येत नाही, ते मला ती स्प्रिंगच सांगणार होती. तिलाच तू लपवलंस."

वाजंत्री जत्रेला गेले. गोमा मात्र फडकं पसरून त्या जुन्या इंजिनापुढे बसला, आणि वहिनी शेजारी बसून त्याला एकेक भाग दाखवू लागली. पुढे दोघांच्या दारात साऱ्या खाडीतली इंजिनं दुरुस्तीला येऊ लागली.

म्हणून म्हणतात: चूक दाखवली तर ती शिकवते, लपवली तर भर पाण्यात गाठते.