विस्तव वाहणारा बैल

पूर्वी धूमगिरी बेटावर वसुकेतू राजाचा अंमल असताना बोधिसत्त्व बैलाच्या जन्माला आले होते. बेटाच्या मधोमध जळता डोंगर. गावाचा विस्तव देवळातल्या मडक्यात राखलेला असे. जमीन हादरली की बैल हाकणाऱ्या मल्लकाने ते मडके बैलाच्या पाठीवर बांधून किनाऱ्याकडे निघायचे आणि गावाने मागोमाग जाऊन होड्यांत बसायचे, अशी रीत. पळायची वाट एकदा पाठ झाली की ती कुठे जाते हे कोण बघतो!

एकदा भर दुपारी धरणी अशी हादरली की उभी माणसे आडवी झाली. मल्लकाने मडके बांधले. "चल रे राजा, उचल पाय!" बायको उत्पला तान्ह्याला घेऊन मागे, तिच्यामागे सारे गाव.

वळणावर बैल थबकला. खाली समुद्र पार मागे हटला होता, होड्या चिखलात कलंडल्या होत्या. वासरू असताना त्याने दुसऱ्या एका किनाऱ्यावर असेच हटलेले पाणी पाहिले होते. ते परत आले आणि त्याच्या आईला घेऊन गेले. पण बैलच तो, सांगणार कसा? मडके झटकून एकट्याला सहज पळता आले असते. मात्र विस्तव जाईल तिकडेच गाव येणार, हे त्याला ठाऊक होते. त्याने डोंगराकडे तोंड फिरवले.

"मेल्या, आगीत नेतोस काय आम्हाला?" मल्लकाने काठी हाणली. कासरा हातातून सुटला.

"अहो, विस्तव चालला! बघताय काय नुसते?" उत्पला ओरडली. झाले! विस्तव गेला तर चुली कशा पेटणार? गाव शिव्या देत मागे धावले. म्हातारी माणसे मागे पडली की बैल हळू होई, आणि तेवढ्यात मल्लकाची काठी त्याला गाठी.

उंचावरच्या सपाटीवर तो थांबला. मल्लकाने पुन्हा काठी उगारली, तोच खालून गर्जना झाली. किनारा, होड्या, घरे, देऊळ, सगळे पाण्याखाली गेले. माणूस मात्र एकही गेले नाही.

मडके उतरवताना मल्लकाचा हात बैलाच्या रक्ताने माखला. "राजा, तू आमच्यासाठी हळू चालत होतास रे! आणि मी तेवढ्यात तुलाच मारत होतो!" त्याच्या गळ्यात पडून तो ढसाढसा रडला. मडक्यात विस्तव तसाच होता. संध्याकाळी त्यावरच साऱ्या गावाची पेज शिजली.

एवढे सांगून भगवंत बुद्ध समोरच्या भिक्षुसंघाला म्हणाले, "तेव्हाचा मल्लक म्हणजे इथे मान खाली घालून बसलेला भिक्षू सुबाहक. उत्पला ही भिक्षुणी धर्मिला, ते गाव म्हणजे तुम्ही सारे, आणि तो बैल मी. ज्यांना वाचवायचे त्यांचाच मार खात, त्यांना झेपेल अशा चालीने चालणे, हीच क्षांती, हीच खरी सहनशीलता."