सू-यूनची वाट

हे गाव आपल्याकडचं नव्हे, पार चीन देशातलं, एका संथ नदीच्या काठचं. फार वर्षांपूर्वी तिथे सू-यून नावाची सून आली. तिचं माहेर उंच डोंगरात आणि सासर असं सपाट, की भाताच्या खाचरांपलीकडे नुसतं आभाळ.

लग्नानंतरच्या पहिल्याच पावसात दरड कोसळली आणि डोंगरातली खिंड बुजली. माहेर तुटलं. शरदात तिकडची पानं विस्तवासारखी लाल होतात, आणि आई अंगणात पाचोळा लोटत असते, एवढंच सू-यूनच्या डोळ्यांपुढे राहिलं. घास घशाखाली उतरेना. नवरा ताओ-शेंग नावाडी. तो होडी घेऊन वरपर्यंत जाऊन आला, पण हात हलवत परतला.

शेवटी सासू म्हणाली, "पोरी, आम्ही डोंगर कधी पाहिला नाही. काढून तरी दाखव."

सू-यूनचे वडील चित्रं काढायचे. तिने त्यांच्यासारखी शाई उगाळली. कडे काढले, धबधबा काढला, लाल झाडं काढली.

"हे मधलं कोरं का गं?"

"ते धुकं. धुकं काढायचं नसतं, कागदच सोडायचा."

मग धुक्यातून एक वाट तिने कागदाच्या कडेपर्यंत खाली आणली. वाटेवर माणूस काढलं नाही.

असं म्हणतात, की पुढच्या शरदात धुक्याच्या तोंडाशी एक ठिपका उमटला. त्याच्या पुढच्या शरदात त्याला काठी फुटली, पाठीला बाक आला. "माझी आई निघाली," सू-यून म्हणाली. लोक हसले.

म्हातारी दर शरदात जराशी खाली उतरलेली असे. इकडे सासू गेली, मुलांना मुलं झाली, सू-यूनचे केस पिकले. ती चित्रापुढे बसून म्हणायची, "चाल की गं भराभर. माझ्याकडेही आता थोडेच दिवस आहेत."

एका शरदात म्हातारी कागदाच्या कडेला टेकली. त्या सकाळी सू-यूनने केस विंचरले, चहाला आधण ठेवलं.

"माहेरी न्यायला मुऱ्हाळी येतेय," ती नवऱ्याला म्हणाली. "जाऊ ना?"

ताओ-शेंगला तिच्यावाचून घटकाभर करमत नसे. तो वल्हं उचलून उंबऱ्यापर्यंत गेला.

"जा," तो म्हणाला. "मीच पोचवायला हवं होतं तुला."

दुपारी तो परतला, तेव्हा घरात कुणी नव्हतं. चहाचे दोन पेले रिकामे होते. जमिनीवर लाल पानं पडली होती, आणि त्या गावात तसलं झाडच नाही. चित्रात दोघी पाठमोऱ्या वर चढत होत्या. असं म्हणतात, की दोघी धुक्यात शिरेपर्यंत ताओ-शेंग दर शरदात त्यांना बघत बसे.

ते चित्र केव्हाच विरलं. पण अजूनही तिथे नवी सून आली, की उंबऱ्याशीच तिच्या हाती कुंचला देतात. दाराशेजारच्या भिंतीवर तिने आपलं माहेर काढायचं. डोंगर असो, नदी असो, नाहीतर नुसती एखादी विहीर. त्यावर पुढे कुणी चुना फिरवत नाही. आणि तिला आत घेण्याआधी सासूने सू-यूनचं नाव घेऊन विचारायचं असतं, "वाट काढलीस ना, पोरी?"