गालाचं काम

एका राज्यात राजाज्ञाच अशी होती, की जन्मलेल्या प्रत्येक बाळाला राजाच्या कारखान्यातलं दुपटं मिळालं पाहिजे. कारखाना गिरजाईच्या हाताखाली होता. चाळीस बायका कापड बेतत, रंगवत, शिवत. आणि दुपटं तयार झालं की गिरजाई ते आपल्या गालाला लावी. कुठे गाठ टोचली तर उसवी. नाही टोचली तर म्हणे, "जा गं बाई, लेकराकडे."

पुढे राज्यात सुखाची वर्षं आली, पाळणे वाढले, बायकांच्या बोटांना घट्टे पडले. तेव्हा नदीपल्याडचा मांत्रिक ताम्रमुख आला. त्याचा चेहरा तांब्याचा होता.

"बाई, माझ्या सुया-कात्र्या आपोआप चालतात. काम मला द्या."

गिरजाईनं आधी बेतणी दिली. काम चोख आलं. मग रंग दिले. तेही चोख. तिसऱ्या खेपेस तिची एकुलती लेक केतकी बाळंतपणाला आली होती, आणि गिरजाईला लेकीजवळ बसायचं होतं. ती म्हणाली, "आता शिवणही तुमचीच. दुपटी थेट घरोघर पोचवा." दमली होती बिचारी. तिला बोल कोण लावणार?

केतकीला मुलगी झाली. नव्या दुपट्यात गुंडाळताच तिचं रडणं मध्येच थांबलं. ओठ थरथरत, डोळे भरून येत, पण आवाज नाही. दुपटं काढलं तरी नाही. राज्यातल्या साऱ्या तान्ह्यांची तीच गत झाली.

"आई, ही मला हाक कशी मारेल गं?" केतकीनं विचारलं. गिरजाईच्या काळजाचं पाणी पाणी झालं.

आढ्यावरची साळुंकी बोलली, "गिरजाई, हाताचं काम दिलंस, ठीक. डोळ्याचं दिलंस, तेही ठीक. गालाचं का दिलंस?"

गिरजाई तडक नदीपार गेली.

"मी टाके मोजून घातले," ताम्रमुख म्हणाला. "एकही चुकला नाही."

"गालाला लावून पाहिलंत?"

"ते तुम्ही सांगितलं नव्हतं. आणि तांब्याला टोचत नाही, बाई."

गिरजाईचा राग तिथेच विरला. गालाला लावणं हे काम आहे, हे तिला स्वतःलाच कुठे ठाऊक होतं?

तिनं सारी दुपटी परत मागवली. प्रत्येकात गळ्यापाशी एक बारीक गाठ होती. गाठ उसवली, की राज्यात कुठेतरी एक बाळ टाहो फोडी. नातीचं दुपटं आधी घ्यावं असं फार वाटलं. पण तिनं जन्माचा क्रम मोडला नाही. नातीची पाळी आली तोवर गाल सोलवटून बधिर झाला होता. गाठ काही केल्या लागेना.

"आण इकडे," केतकी म्हणाली. तिनं दुपटं आपल्या गालाला लावलं. "ही बघ, इथं."

गाठ सुटली. पोरीनं असं काही भोकाड पसरलं, की साळुंकी आढ्यावरून उडाली, आणि मायलेकी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या.

राजानं विचारलं, "मांत्रिकाचं काम बंद करावं काय?"

"नको, महाराज. बेतणी, रंग, शिवण त्यांच्याकडेच असू द्या. दुपटं मात्र आमच्या दारावरून जाईल."

त्या दारात पुढे केतकी बसू लागली. आणि त्या राज्यात अजूनही तान्हं रडलं, की आधी सगळे हसतात, मग त्याला उचलून घेतात.