लाकडी पिस्तूल

एका तालुक्याच्या गावी एकदा एक वृद्ध शस्त्रकार राहत असे. पोलीस खात्यात अडतीस वर्षे त्याने बंदुका उघडल्या, पुसल्या, पुन्हा जोडल्या आणि निवृत्त झाल्यावर बाजारपेठेच्या टोकाला रीतसर परवाना काढून शस्त्रविक्रीचे छोटेसे दुकान टाकले. नाव हुसेनसाहेब शिकलगार, पण सारे गाव त्यांना उस्ताद म्हणे. हाताखाली दिगंबर नावाचा एक शिष्य होता. सुताराच्या घरचा, पस्तिशीतला गृहस्थ. एकदा बंदुकीचा मोडलेला दस्ता बसवून द्यायला म्हणून आला, आणि जो तिथे बसला तो सहा वर्षे उठलाच नाही.

एके दिवशी सकाळी या दुकानात भालचंद्र पोतदार नावाचे सराफ आले. त्यांच्यावर मोठा प्रसंग गुदरला होता. दोन वर्षांपूर्वी आठवडी बाजाराहून परतताना दोघांनी त्यांची मोटारसायकल अडवली होती, दागिन्यांची पिशवी हिसकावली होती, आणि पिशवी लवकर सोडली नाही म्हणून डाव्या हातावर कोयता घातला होता. दोन बोटे तेव्हापासून वळत नव्हती. दीड वर्ष कचेरीच्या पायऱ्या झिजवून त्यांनी परवाना मिळवला होता. तो त्यांनी घडी उलगडून उस्तादांपुढे ठेवला आणि म्हणाले, "उस्ताद, सदऱ्याखाली कोणाला कळणार नाही असं लहान पिस्तूल द्या. आणि वेळेला दगा देणारं नको."

उस्तादांनी कपाटातून तीन पिस्तुले काढली. प्रत्येक आधी उघडले, रिकामे असल्याचे सराफांना डोळ्यांनी पाहू दिले, आणि मगच नळी जमिनीकडे करून त्यांच्या हाती दिले. पहिले इतके चिमुकले होते की सराफ खूश झाले. उस्ताद म्हणाले, "हे खिशात मावतं, पण हातात बसत नाही. घामाच्या हातातून साबणाच्या वडीसारखं सटकेल." दुसरे भरभक्कम होते. "हे जन्मभर साथ देईल, पण लपवायचं तर तुम्हाला उन्हाळ्यातही घोंगडं पांघरावं लागेल." तिसरे दोहोंच्या मधले. सराफांच्या उजव्या मुठीत ते नीट बसले, एका हाताने चालवता येत होते, आणि त्यात बिघडण्यासारखे फारसे काही नव्हतेच. धूळ, घाम, घाई, कशानेही अडणारे नव्हते. सराफांना ते पटले. खरेदी इथे संपायला हवी होती.

पण उस्तादांनी ते पिस्तूल सराफांच्या नावाची चिठ्ठी बांधून कपाटात ठेवले. म्हणाले, "हे तुमचंच झालं, शेठ. पण हाती देईन ते दसरा झाल्यावर. परवा या. तोवर कमरेला लावायला दुसरं काहीतरी देतो."

दोन दिवस दिगंबरने शिसवीचा एक तुकडा तासला. आत शिसे ओतले, वजन तराजूवर तंतोतंत जुळवले, वर काळा रंग चढवला. उस्तादांची ताकीदच तशी होती की हाताला आणि डोळ्यांना फरक कळता कामा नये. काम असे उतरले की दिगंबरलाच ते पुन्हा पुन्हा हातात घेऊन पाहावेसे वाटे. तिसऱ्या दिवशी सराफ आले तेव्हा उस्तादांनी ते लाकूड एका चामड्याच्या म्यानात घालून त्यांच्यापुढे ठेवले.

सराफांचा चेहरा उतरला. "उस्ताद, मी काय दशावतारात कामाला चाललोय? माझी बोटं बघा की जरा."

"बोटं बघितली म्हणूनच सांगतोय. दसऱ्यापर्यंत महिना आहे. सकाळी अंघोळ झाली की हे कमरेला लावा, आणि निजताना काढा. घरात वहिनींना सांगा, बाहेर कोणाला नाही. महिन्यानं येऊन मला एवढंच सांगा, की तुमच्यात काय बदललं."

सराफ पुटपुटतच गेले. ते गेल्यावर दिगंबरने विचारले, "उस्ताद, ह्यानं काय होणार?" उस्ताद मिशीत हसले आणि म्हणाले, "बघत राहा." शहाण्या माणसाला आपल्या शहाणपणाचे थोडे कौतुक असतेच. उस्तादांनाही होते, आणि ते त्यांनी त्या दिवशी मुळीच लपवले नाही.

आठवड्याने सराफ दुकानावरून जाताना आत डोकावले. म्हणाले, कंबर सोलवटून निघते आहे, सदरा बाहेर सोडावा लागतो, आणि नात मांडीवर बसायला आली तर तिला दुसऱ्या बाजूला बसवावे लागते. उस्तादांनी मान डोलावली. सराफांची पाठ फिरताच शिष्याला म्हणाले, "शिकतायत."

दुसऱ्या आठवड्यात सराफ आले ते ताठ चालत. आता झोप चांगली लागते म्हणाले. त्या दिवशी एका टेम्पोवाल्याने हाताला घासून टेम्पो नेला तर त्यांनी त्याला भर रस्त्यात उतरवून झापले होते. सराफ आयुष्यात कधी कोणाला झापणारा माणूस नव्हता. गिऱ्हाईक भांडायला उठले तरी ते आधी त्याला पाणी द्यायचे. दिगंबरला हे ऐकून कसेसेच झाले. तो म्हणाला, "उस्ताद, ते परत घेऊ या का आता?"

"आत्ता कुठं पीठ मळून झालंय, आणि तू तवा उतरवतोस," उस्ताद म्हणाले.

इथे थोडे थांबून सराफांच्या समोरच्या दुकानाविषयी सांगायला हवे. ते दुकान मल्लिनाथ आप्पांचे होते. चिंच, मिरची, भुईमुगाचा ठोक व्यापार. आप्पा आणि सराफ एका शाळेत, एका बाकावर शिकलेले. पुढे देवस्थानच्या पंचकमिटीच्या निवडणुकीत दोघे दोन पॅनेलमधून उभे राहिले. दोघेही पडले. निवडून आला तो तिसराच. पण प्रचारात एकमेकांच्या घराण्यांविषयी जे बोलून गेले ते काही मागे घेता आले नाही, आणि नऊ वर्षे बारा फुटी रस्त्याच्या दोन बाजूंना बसून त्या दोघांनी एकमेकांशी शब्द काढला नाही. ज्यांना ही गोष्ट अतिशयोक्तीची वाटेल त्यांनी आपल्या गावच्या पंचकमिटीचा इतिहास एकदा तपासावा.

त्या वर्षी उन्हाळ्यात आप्पांच्या हृदयाचे दुखणे निघाले होते. मरण जवळून पाहून आलेल्या माणसाला निवडणूक लहान वाटू लागते. आप्पांनी मनाशी ठरवले, की यंदा दसऱ्याला आपणच रस्ता ओलांडायचा.

दसऱ्याच्या संध्याकाळी सीमोल्लंघन करून लोक वेशीतून परतले. आपट्याची पाने हातोहात फिरू लागली. लहानांनी मोठ्यांच्या पाया पडावे, बरोबरीच्यांनी छातीला छाती लावावी, असा त्या दिवसाचा रिवाज. सोने देताना गळाभेट घेतली नाही तर ते सोने अर्धेच पोचले असे मानतात. सराफ देवळाजवळच्या पाराशी उभे होते. पण त्या दिवशी ते लोकांच्या गळ्यात पडत नव्हते. कमरेचे कोणाला लागू नये म्हणून अंग चोरून, हात पुढे करून पाने घेत होते. गर्दीत त्यांची नजर सारखी माणसांच्या हातांवर फिरत होती.

आप्पा मागून आले. समोरून जायला त्यांना संकोच वाटला असावा, किंवा शाळेतल्या सवयीने मागून धरावे आणि ओळख म्हणावे असे मनात आले असावे. त्यांनी दोन्ही हातांनी सराफांना मागून मिठी मारली.

सराफांना फक्त एवढेच कळले की कोणीतरी आपल्याला पकडले. त्यांनी कोपर हाणले, गर्रकन वळले, सदऱ्याखालून हात बाहेर काढला, आणि ती काळी नळी आप्पांच्या छातीला टेकवली. महिनाभराच्या सवयीने हात अजिबात चुकला नाही.

लोक दोन्ही बाजूंना फाटत गेले. एक बाई किंचाळली. आप्पांच्या हातातली पाने खाली पडली. त्या थोराड माणसाने आपल्या बालमित्रापुढे हात जोडले आणि म्हणाले, "भालू, मी हाय रं. सोनं द्यायला आलतो."

नऊ वर्षांनी ते बोलले ते हे.

सराफ ओरडू लागले, "लाकडाचं आहे! आप्पा, लाकडाचं आहे हे!" त्यांनी ते पाराच्या दगडावर आपटले. शिसे भरलेले ते लाकूड फुटलेसुद्धा नाही, दिगंबरने इतके चांगले केले होते. आप्पांना त्यांच्या मुलाने धरून घरी नेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सराफ दुकानात आले आणि बाकावर बसून लहान मुलासारखे रडले. मधे मधे थांबत त्यांनी सारी हकिगत सांगितली. दिगंबर खाली मान घालून ऐकत होता. त्याला वाटले, आता उस्ताद बोलतील, सारे उलगडून सांगतील, आणि या महिन्याचा अर्थ लागेल.

उस्ताद बोलले. पण ते सराफांना उद्देशून नव्हतेच, असे दिगंबरला पुढे कित्येक दिवस वाटत राहिले.

"शेठ, तुमची चूक नाही. लपवलेलं हत्यार आधी ते बाळगणाऱ्याची नजर बदलतं, समोर येणाऱ्या प्रत्येकाला ती मोजायला लागते, हे मला माहीत होतं. ते तुम्हाला नुसतं सांगितलं असतं तरी चाललं असतं. मला ते दाखवून द्यायचं होतं. खात्यात नवीन पोरं यायची तेव्हा मी त्यांना पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायचो. हत्यार रिकामं असो, मोडकं असो, खेळण्यातलं असो, ते माणसाकडं रोखायचं नाही. कारण समोरच्याला ते रिकामं नसतं. अडतीस वर्षं मी हे शिकवलं. आणि लाकडाचं आहे, त्यानं कोणाला काय होतंय, असं म्हणून मीच ते तुमच्या कमरेला बांधलं. त्या दिवशी दिगंबर म्हणाला होता परत घेऊ या. त्याला कळलं होतं. मी ऐकलं नाही, कारण माझा धडा पुरा व्हायचा होता."

एवढे बोलून म्हाताऱ्याने डोक्याला टोपी घातली आणि शिष्याला म्हणाला, "चल, आप्पांकडे जाऊन येऊ."

आप्पा ओसरीवर आरामखुर्चीत बसले होते. उस्तादांनी उभ्याउभ्याच सारे सांगून टाकले. लाकूड कोणी करवून घेतले, का, आणि त्यात सराफांचा दोष कसा नाही. आप्पांनी शांतपणे ऐकून घेतले. दोघांना बसवले, आतून चहा मागवला, दिगंबरच्या कपात साखर कमी पडली का तेही विचारले. मग म्हणाले,

"उस्ताद, तुमच्यावर राग नाही माझा. भालूवर तर अजिबात नाही. त्याच्यावर कोयता चालला तवा मी भेटायला गेलो नव्हतो, ते मला आजून खातंय. पण आज सकाळी तो समोरनं दुकान उघडत हुता. माझी नजर त्याच्या तोंडाकडं जाईचना. सारखी कमरंकडंच जायाला लागली. राग असता तर सोडला असता मी. ह्याला काय करू, सांगा."

परत येताना उस्ताद वाटेत एका कट्ट्यावर बसले. दिगंबर शेजारी बसला. त्या दिवसापासून उस्तादांनी कोणाला धडा शिकवायला म्हणून कसले नाटक केले नाही. जे सांगायचे ते गिऱ्हाइकाला समोर बसवून तोंडाने सांगत. ऐकणारा ऐके, न ऐकणारा निघून जाई. आणि दिगंबरला काही खटकले तर ते हातातले काम ठेवून आधी त्याचे ऐकत.

सराफांनी पुढे ते खरे पिस्तूल नेले. उस्तादांनी अडवले नाही, कारण सराफांची भीती खरी होती आणि बाजाराचा रस्ताही तोच होता. पिस्तूल उत्तम निघाले. त्याने कधी कुरकूर केली नाही, आणि ते वापरण्याची वेळही आजतागायत आलेली नाही.

आप्पा आणि सराफ आता बोलतात. एकमेकांच्या घरी लग्नाकार्याला जातात. आप्पा दर दसऱ्याला रस्ता ओलांडून येतात, समोरून येतात, आणि दोन हातांवर थांबतात. सराफ त्या दिवशी पिस्तूल घरी तिजोरीत ठेवून निघतात, आणि हे आप्पांना ठाऊक आहे. तरीही आप्पा दिसले की सराफ आधी दोन्ही हात खांद्यापर्यंत वर करतात. आप्पा त्या उघड्या हातात पाने ठेवतात, हसतात, बरे आहे ना विचारतात. आणि तिथूनच परत फिरतात.