भिवराला दिसलेली खिंड

फार पूर्वी डोंगराच्या पायथ्याशी एक लहानसं राज्य होतं. तिथे भिवरा नावाची एक धनगरीण राहायची. एकदा शेजाऱ्याची म्हैस हरवली. भिवराने ओढ्याकाठी खुरांचे ठसे पाहिले होते, म्हणून करवंदीच्या जाळीमागे बघा, असं तिने सहज सांगितलं. म्हैस तिथेच सापडली. ठशांचं कुणी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. भिवराला बसल्या जागी लांबचं दिसतं, असं जो तो म्हणू लागला.

ही गोष्ट राजाच्या कानावर गेली. खिंडीकडे शत्रू जमत असल्याची कुणकुण होती, म्हणून त्याने भिवराला बोलावून घेतलं. आपल्याला काही दिसत नाही, असं तिने चाचरत सांगितलं. खरी सिद्धी असणारे असंच म्हणतात, असं प्रधानाने राजाला समजावलं. तिला राहायला महाल मिळाला. सरदार तिच्यापुढे वाकू लागले. जन्मभर मेंढरांमागे फिरलेल्या भिवराला ते आवडलं. पुन्हा नाही म्हणणं काही तिच्याच्याने झालं नाही.

दरबारातला एक म्हातारा हेर राजाला म्हणाला, "महाराज, दोन दिवस द्या. मी स्वतः खिंड बघून येतो."

"हिला घटकाभरात दिसतं. तुझे दोन दिवस कशाला?" असं म्हणून राजाने त्याला घरी बसवलं, आणि खिंडीत कोण आहे ते भिवराला विचारलं.

भिवराने डोळे मिटले. पुढे नुसता अंधार होता. राजाला काय ऐकायचंय, तेवढं मात्र तिला कळत होतं.

"खिंड मोकळी आहे," ती म्हणाली.

तिच्या शब्दावर विसंबून, शत्रूच्या आधी खिंड ताब्यात घ्यायला राजाचे तीनशे शिपाई आत शिरले. दोन्ही कड्यांवर शत्रू दबा धरून बसला होता. एकही शिपाई परतला नाही.

भिवराने राजाचे पाय धरून सगळं खरं सांगितलं. राजाला ते पटलं नाही. हिची सिद्धी उतरली, असं म्हणत त्याने हिच्याहून मोठा सिद्ध शोधायला चारी दिशांना माणसं धाडली.

भिवरा आपल्या झोपडीकडे परतली. दारात शिपायांच्या बायका बसल्या होत्या.

"बाई, माझा घरधनी जिवंत आहे का, एवढं बघून सांगा," एकीने पदर पसरला.

"मला काही दिसत नाही गं. तेव्हाही दिसत नव्हतं."

बाई रागावल्यात, असं बायका आपसांत कुजबुजल्या. बाईंचा राग निवेपर्यंत थांबायचं ठरवून त्या तिथेच बसून राहिल्या.

तात्पर्य एवढंच: वेळ असताना गिळलेलं सत्य मागाहून कितीही कळवळून सांगितलं, तरी ते ऐकायला कुणी उरत नाही.